घरगुती संगणकावरील ग्रंथलेखन व प्रकाशन

स्वतःच्या मालकीच्या लहान संगणकावर पुस्तकाचा मजकूर लिहिणे, सुधारणे व पुढे त्यावरच पाने जुळवून मुद्रणप्रत तयार करणे, ही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली पद्धती.

आद्यत्वाविषयी मतभेद आहेत. मॅथ्यू किर्शनबॉम या अभ्यासकाने शब्दसंस्करणाच्या (यंत्रावर मजकूर साठवून सुधारण्याच्या सोयीच्या) साहाय्याने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून ब्रिटिश लेखक लेन डायटन यांच्या ‘बॉम्बर’चा (१९७०) निर्देश केला आहे. तथापि डायटन यांनी १९६८ मध्ये लंडनच्या घरी आणलेले आयबीएमचे एमटी/एसटी यंत्र म्हणजे चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा विद्युत टंकलेखक होता. त्याला पडदा नव्हता. ते घरात घेण्यासाठी खिडकी काढावी लागली. प्रत्यक्ष टंकन त्यांच्या सचिव करीत. लेखकाने स्वतः पडद्यावर पाहून लिहिणे ही कसोटी लावली, तर अमेरिकन विज्ञानकथालेखक जेरी पूर्नेल यांचा आद्यत्वाचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. झेड-८० प्रक्रियकाच्या (गणनेचे काम करणाऱ्या चिपच्या) संगणकावर ते १९७७ च्या सुमारास लिहू लागले. त्यांनी वापरलेली ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ ही लेखनाची आज्ञावली मायकेल श्रेयर यांनी १९७६ च्या अखेरीस मुळात अल्टेअर या सुरुवातीच्या लहान संगणकासाठी केली होती. ‘वर्डस्टार’ ही प्रसिद्ध लेखन-आज्ञावली त्यानंतरची.

यंत्राच्या मर्यादा लेखनावर उमटत. मूळ ॲपल-२ या घरगुती संगणकाच्या पडद्यावर ओळीत ४० अक्षरे मावत, तीही केवळ इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) लिपीतली. त्याच्या तबकडीची (फ्लॉपीची) क्षमता १४० किलोबाइट. म्हणजे सुमारे ८०,००० शब्दांच्या इंग्रजी कादंबरीला चार तबकड्या लागत. संपूर्ण हस्तलिखित संगणकाच्या स्मृतीत मावत नसल्याने प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करावी लागे. एखाद्या पात्राचे नाव बदलायचे तर प्रत्येक फाइल उघडून तोच शोध पुन्हा घ्यावा लागे.

दीर्घकाळ प्रकाशकाकडे कागदी प्रतच जाई व तिथे मजकुराची नव्याने जुळणी होई. ठिपक्यांच्या मुद्रकावरील फिकट अक्षरे संपादकांना नकोशी असल्याने परवडेल त्या लेखकाने डेझी-चक्र मुद्रक (चाकावरील अक्षरे कागदावर आपटून टंकलेखकासारखे ठळक छापणारा) घ्यावा, असा प्रघात होता. ब्रिटनमध्ये १९८५ साली आलेल्या ॲमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६ या संगणकाची मुद्रक व ‘लोकोस्क्रिप्ट’ ही लेखन-आज्ञावली मिळून किंमत ३९९ पौंड होती.

त्याच वर्षी ॲपलचा मॅकिंटॉश संगणक, लेझररायटर मुद्रक व आल्डस कंपनीची ‘पेजमेकर’ ही पाने मांडण्याची आज्ञावली यांच्या मेळातून पाने घरी जुळवणे शक्य झाले. लेझररायटर इंचाला ३०० ठिपके छापत असे. माहितीपुस्तिकेला ते पुरे. ग्रंथाच्या बारीक टंकासाठी तीच फाइल लिनोट्रॉनिकसारख्या, इंचाला १,२७० ठिपके देणाऱ्या प्रकाशजुळणी यंत्रावर (प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रावर) न्यावी लागे.