टूथपेस्टच्या खोक्यावरचा ‘१०००’ आला कुठून?

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या बहुतेक घरांत सकाळी एकच ट्यूब फिरते. आजोबांच्या उरलेल्या चार दातांना तीच आणि साडेतीन वर्षांच्या नातीलाही तीच. घेताना बघितली जाते ती चव, किंमत आणि हल्ली ‘नैसर्गिक’ हा शब्द. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं असतं. ते वाचणारं गिऱ्हाईक विरळाच. खरं तर दात किडू नयेत म्हणून खोक्यावर बघण्यासारखी तेवढी एकच ओळ आहे आणि तिच्यामागे बराच वाद झालेला आहे.

राखुंडी सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यात फार वेळ घालवत नाही. गोवरीची राख किंवा भाताच्या तुसाची, त्यात मीठ, कुठे तुरटी, कुठे लवंग. भाताच्या मुलखात तूस फुकटचा, पण त्याच्या राखेत सिलिका ठासून भरलेली असते. दात चकचकीत दिसायचे, कारण वरचा थर झिजत असायचा. लाल मंजनातला गेरूही तेच काम करायचा. साठीच्या पुढच्या अनेकांच्या दातांवर हिरडीलगत आडवी खाच दिसते आणि तिथे गार पाणी लागलं की झिणझिण्या येतात. वर्षानुवर्षं जोर लावून आडवं घासल्याची ती खूण आहे, मग घासायला बोट असो की कडक ब्रश. काडीचं दातवण त्या मानाने सौम्य, फक्त दाढांच्या मागच्या आणि आतल्या बाजूला ते पोचत नाही. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे घरोघरी पोचायला त्याला कित्येक दशकं लागली.

मशेरी आणि १९९२ ची बंदी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने आले, १९७० नंतर खाडीपलीकडे नवं शहर आखलं गेलं, पुढे घाऊक बाजार वाशीला हलला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून माणसं आली आणि त्यांच्या घरांतून मशेरीही आली. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं आणि बोटाने हिरड्यांना चोळायचं. पुरुषांच्या हातात चुना-तंबाखू, बायकांच्या डबीत मशेरी. दात घासण्याच्या नावाखाली ती दिवसातून तीन-चार वेळा लागते आणि सोडायला गेलं की पहिली तक्रार दातांची नसतेच: ‘पोट साफ होत नाही.’ निकोटीन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे ही तक्रार खोटी नाही. सोडणाऱ्या बाईला पहिले काही दिवस सकाळी कोमट पाणी आणि जेवणात चोथा वाढवायला सांगितलं नाही, तर डबी पुन्हा उघडते.

१९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये बंदी कायम राहिली. निर्णय योग्यच होता, पण त्याने दुकानातली डबी गेली आणि चुलीवरचा तवा तसाच राहिला. घरी भाजलेल्या पानाला कुठला नियम लागणार? २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी आणली, तेव्हाही मशेरी बाजूलाच राहिली. तिने हिरड्या उतरतात, तोंडात पांढरे चट्टे पडतात. गरोदरपणी तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन कमी भरतं, हे मुंबईतल्याच अभ्यासातून पुढे आलेलं आहे. कपाटात टूथपेस्ट असली म्हणून घरात मशेरी नाही, असं धरून चालू नये. सासूबाईंना विचारायचं ते ‘दात कशाने घासता’ असं नव्हे, ‘मशेरी किती वेळा लावता’ असं.

हजाराची मर्यादा

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे टूथपेस्ट हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. त्या नियमांत अट आहे, की टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त नसावं, प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर दोन्हीकडे छापावं आणि मुदत संपण्याची तारीखही द्यावी. युरोपात हीच मर्यादा १५०० आहे आणि तिथली मोठ्यांची नेहमीची पेस्ट १४५० च्या आसपास असते. मग आपल्याकडे हजारावरच का थांबलो?

याचं उत्तर पेस्टपेक्षा पाण्यात जास्त आहे. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून फ्लोरोसिसची नोंद झाली. विहिरीच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात डागाळलेले, हाडं आखडलेली. पुढे अनेक राज्यांत हेच सापडत गेलं. आपल्या राज्यातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या गावांना हा त्रास आहे. १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी राष्ट्रीय मिशन उभं राहिलं, तेव्हा फ्लोराइड काढणं हे त्याचं एक मुख्य काम ठरलं. अमेरिकेत १९४५ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत होते, आपण ते पाण्यातून काढायच्या मागे होतो. अशा देशात टूथपेस्टवर लगाम घालावासा वाटणं समजण्यासारखं आहे. ज्या गावात पाण्यातूनच पोटात भरपूर जातं, तिथे लहान मूल पेस्टही गिळणार, ही भीती काल्पनिक नव्हती.

पण हिशोब मांडून बघू. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम. दोन्ही वेळची सगळी गिळली तरी अर्धा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. लिटरला ४ मिलिग्रॅम असलेल्या विहिरीचं तीन लिटर पाणी प्यालं की १२ मिलिग्रॅम पोटात गेलं. फ्लोरोसिसग्रस्त गावाचा प्रश्न ट्यूब बदलून सुटणारा नाही, तिथे पाणीच बदलावं लागतं.

उलट आपला पट्टा. नवी मुंबईचं पाणी मुख्यतः खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येतं, ठाण्याचं भातसा, उल्हास आणि बारवीकडून. पावसाचं, काळ्या कातळावरून वाहून साठलेलं पाणी. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा अगदीच कमी असतं. त्यावर घरोघरी आरओ बसवलेले, ते असलेलंही काढून टाकतात. म्हणजे आपल्या मुलांच्या दातांना बाहेरून जे काही मिळायचं, ते जवळजवळ सगळं टूथपेस्टमधूनच. अपवाद टँकरचा. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-तळोज्याच्या सोसायटीत टँकर बोअरवेलचा असेल, तर पाणी एकदा फ्लोराइडसकट तपासून घ्यावं. नुसता टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) बघून ते कळत नाही.

हजाराची मर्यादा संपूर्ण देशासाठी एकच ठेवली गेली, आणि भातसा-मोरब्याच्या पाण्यावर वाढणाऱ्या मुलाला ती कमीच पडते असं आमचं मत आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट आली, तीही १००० ते १५०० पीपीएम या प्रमाणात. त्यांचा खालचा आकडा तो आपला वरचा. ५०० पीपीएमच्या पेस्टने कीड रोखली जाते, याला पुरावा तोकडा आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत ट्यूब मात्र बऱ्याचदा ५०० च्या आसपास असतात, नाहीतर थेट शून्यावर.

बाजू दुसरीही आहे. कायमचे पुढचे दात हिरडीच्या आत घडत असतात ती पहिली तीन-चार वर्षं. त्या वयात मूल रोज ब्रशभर पेस्ट, म्हणजे ग्रॅमभर, चाटून गिळत असेल, तर पुढे दातांवर पांढुरके पट्टे दिसू शकतात. पण यावर उपाय पीपीएम कमी करणं नाही, पेस्ट कमी घेणं आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, आणि ट्यूब पिळायची ती मोठ्यांनीच. जाहिरातीतली ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची लाट मोठ्यांनाही नको.

काही खोक्यांवर पीपीएमऐवजी घटक टक्क्यांत दिसतात. सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के म्हणजे दोन्हीकडे १००० पीपीएमच. यातलं पहिलं, घासण्यासाठी खडूची पूड घातलेल्या पेस्टमध्ये वापरतात, दुसरं सिलिकाच्या. खडूतलं कॅल्शियम मोकळ्या फ्लोराइडला धरून ठेवतं आणि मग ते दाताच्या उपयोगी पडत नाही, म्हणून ही विभागणी. खडूच्या पेस्टमध्येही दिवस जातील आणि उन्हाळा सोसेल तसं कामाचं फ्लोराइड घटत जातं. मुदतीच्या तारखेची अट म्हणूनच महत्त्वाची. सेलमधल्या जोडखोक्यावर आधी ती तारीख बघावी.

हर्बल लाट आणि फॉरवर्ड

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आयुर्वेदिक पेस्टची लाट आली. लवंग, कडुनिंब, बाभूळ यांना आमचा विरोध नाही, तोंडाला बरं वाटतं आणि हिरड्यांनाही थोडा आराम पडतो. पण यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये फ्लोराइड नसतं आणि काहींवर ‘फ्लोराइडमुक्त’ हे गुण म्हणून छापलेलं असतं. पाठोपाठ कोळशाची काळी पेस्ट आली. आजीची राखुंडी दहापट किमतीला परत आली म्हणायची. झीज तीच.

सोसायटीच्या ग्रुपवर दोन फॉरवर्ड ठरलेले असतात. एक, ट्यूबच्या शेपटीवरचा हिरवा चौकोन म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल. ती खूण कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून असते, आतल्या मालाशी तिचा संबंध नाही. दुसरा, ‘अमेरिकेत फ्लोराइडवर बंदी’. २०२५ मध्ये युटा राज्याने सार्वजनिक नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली, पेस्टवर नव्हे. आणि आपल्या नळात ते कोणी मिसळतच नाही.

घरात काय बदलायचं

सगळ्यात अवघड बदल चूळ भरण्याचा. खळखळून पाच-सहा चुळा भरल्या की तोंड स्वच्छ, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं. त्या चुळांबरोबर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. ब्रश झाला की नीट थुंकायचं आणि थांबायचं. अगदीच राहवलं नाही तर घोटभर पाण्याची एकच चूळ. रात्रीच्या ब्रशला हे जास्त लागू, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातावर राहिलेलं फ्लोराइड जास्त वेळ टिकतं. त्यानंतर दूध नाही, बडीशेप नाही, सुपारी तर नाहीच. ब्रश मऊ केसांचा, हिरडीच्या कडेवर तिरका धरून जागच्या जागी हलवायचा. केस फाकले की बदलायचा, एरवी तीन महिन्यांनी.

बाळाच्या तोंडात बाटली ठेवून झोपवलं की वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालचे जिभेआड आणि लाळेत राहतात म्हणून वाचतात. त्यामुळे खालचे दात छान आहेत म्हणून आईबाप निर्धास्त असतात. वरचा ओठ उचलून हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतोय का, ते महिन्यातून एकदा बघावं. तिथेच पकडलं तर ड्रिल लागत नाही.

सहाव्या वर्षाची दाढही अशीच फसवते. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, एकही दात न पडता, त्यामुळे ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. तिच्या खाचा खोल, मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. बाराव्या वर्षापर्यंत रूट कॅनलवर आलेल्या दाढांत हिचा वाटा मोठा.

मोठ्यांच्या बाबतीत अडतं ते कीटण काढण्यावर. ‘साफ केले की दात हलतात’ ही समजूत ठाण्यात आहे तशी वाशीतही. कीटण सर्वांत जास्त साठतं खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडून, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. हाड आधीच खचलेलं असतं आणि कीटणाच्या थराने दात एकमेकांना चिकटून उभे असतात. थर निघाला की फट दिसते, दात हलतानाही जाणवतात. दुखणं जुनं असतं, नाव मात्र सफाईचं होतं. नंतरचे काही दिवस गार लागतं, ते बहुतेकदा आपोआप जातं.

नेरूळ, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं उभी राहिल्यापासून या कामांचा खर्च पुष्कळांच्या आवाक्यात आला. शिकाऊ हात असतात, वर शिक्षकांची नजर असते, वेळ दुप्पट जातो. मुलाला न्यायचं तर सकाळी लवकर आणि पोट भरलेलं असताना. तिथे दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात: सहाव्या वर्षाच्या दाढेच्या खाचा बुजवणारं सीलंट आणि फ्लोराइड वार्निश. वार्निशचं प्रमाण २२,६०० पीपीएम असतं. हजाराची अट दुकानातल्या पेस्टला, दवाखान्यात दातांवर ब्रशने लावल्या जाणाऱ्या या पातळ थराला नाही. सहा महिन्यांनी एकदा लावतात, काम काही मिनिटांचं. दात दिवसभर पिवळसर दिसतात, चार तास कडक आणि गरम काही द्यायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही.