झॅक ग्रेंकीचं २००९: नशीब वजा केल्यावर उरतं ते

नोव्हेंबर २००९ मध्ये बेसबॉलच्या अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, साय यंग पुरस्कार कॅन्सस सिटी रॉयल्सच्या झॅक ग्रेंकीला जाहीर झाला. पत्रकारांनी विचारल्यावर या नुकत्याच २६ वर्षांच्या झालेल्या पोराने सांगितलं की तो आपला एफआयपी जमेल तितका खाली ठेवायचा प्रयत्न करतो. एफआयपी म्हणजे क्षेत्ररक्षण आणि नशीब वगळून पिचरची कामगिरी मोजणारा आकडा, जितका कमी तितका चांगला. हे तेव्हा आकडेवारीच्या वेडाने झपाटलेल्या मूठभर लोकांचं मोजमाप होतं. खुद्द पिचर ते डोक्यात ठेवून चेंडू टाकतो, हे वाचल्यापासून हा खेळाडू माझ्या मनात घर करून बसला आहे.

ग्रेंकीचा संघ मात्र दुबळा होता. रॉयल्स त्या वर्षी १६२ पैकी ९७ सामने हरले. बेसबॉलमध्ये पिचरच्या नावावर ‘विजय’ आणि ‘पराभव’ लिहायची जुनी पद्धत आहे. आपल्या गोलंदाजाने २० धावांत ४ बळी घ्यावेत, फलंदाजांनी ९० धावांत गाशा गुंडाळावा आणि पराभव मात्र त्या गोलंदाजाच्या खात्यात जमा व्हावा, तसं हे. ग्रेंकीचे विजय १६ होते. त्याच लीगमधल्या फेलिक्स हर्नांडेझ, सबॅथिया आणि व्हर्लँडर या पिचरांचे प्रत्येकी १९.

त्याआधी २००५ मध्ये ग्रेंकी १७ सामने हरला होता. २००६ च्या सुरुवातीला सराव शिबिर सोडून तो घरी गेला. सोशल अँक्झायटी आणि नैराश्याने त्याला ग्रासलं होतं. त्याने डॉक्टर गाठला, औषधं घेतली आणि परत आला. आपल्याकडे चांगला खेळणारा मुलगा अचानक मिटून गेला की आधी नजर काढतात, मग साडेसाती बघतात. डॉक्टरचा नंबर शेवटी लागतो आणि तोवर मुलाची उमेदीची वर्षं निघून गेलेली असतात. याची मला मनापासून चीड येते.

आता मूळ मुद्दा. पिचरने टाकलेल्या चेंडूचं काय काय होऊ शकतं? बॅटर स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइक होऊन बाद), चार चुकीच्या चेंडूंमुळे वॉक मिळून पहिल्या बेसवर जातो, होमरन मारतो (चेंडू कुंपणापार) किंवा चेंडू मैदानात जातो. पहिल्या तीन गोष्टींत क्षेत्ररक्षकांचा संबंध जवळपास नसतो. चौथीत मात्र सगळं त्यांच्यावर. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि तिसरा बेसमन यांच्या मधून सरपटत जाणारा चेंडू डोळ्यांसमोर आणा. शॉर्टस्टॉप एक पाऊल आपल्या डावीकडे उभा असेल तर हिट, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर, उजवीकडे असेल तर आउट. पिचरने टाकलेला चेंडू दोन्ही वेळा तोच. एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला उभे राहून हातभर अंतरावरचे झेल घ्यायचे, २७ कसोटींत ५३. त्यातले कितीतरी बळी स्कोअरबुकात बेदी-प्रसन्नांच्या नावावर आहेत.

व्होरोस मॅक्रॅकन या हौशी अभ्यासकाने २००१ मध्ये दाखवून दिलं की मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी किती हिट होतात, हे बव्हंशी पिचरच्या हातात नसतं. ते प्रमाण बहुतेकांचं शंभरात ३० च्या आसपास फिरतं. एका वर्षी कमी, तर पुढच्या वर्षी जास्त. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, कारण थोर पिचर कमजोर फटकेच मारू देतो, असं सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. मग पेद्रो मार्टिनेझ या थोर पिचरची दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. १९९९ मध्ये त्याचे ४६७ चेंडू मैदानात गेले आणि १५१ हिट झाले. २००० मध्ये ४७० गेले आणि हिट फक्त १११. माणूस तोच, स्ट्राइकआउट ३१३ आणि २८४. इतक्या मोठ्या फरकात क्षेत्ररक्षणाचा आणि थोडा त्याच्या कौशल्याचाही वाटा असेल, पण मोठा हिस्सा योगायोगाचा आहे.

योगायोग एवढा मोठा असू शकतो, हे पटायला जड जातं. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर दहा चिठ्ठ्या केल्या, तीन चिठ्ठ्यांवर ‘हिट’ लिहिलं आणि डब्यात टाकल्या. एक काढायची, नोंद करायची, परत टाकायची. वीस वेळा काढल्यावर सहा हिट यायला हवेत. पहिल्या फेरीत नऊ आले, दुसऱ्या फेरीत तीन. डबा तोच होता आणि चिठ्ठ्याही त्याच.

याचं गणित असं. ६०७ चेंडू मैदानात गेले आणि प्रत्येकाच्या हिटची शक्यता ०.३ असेल, तर अपेक्षित हिट १८२. प्रमाण विचलन, म्हणजे हा आकडा निव्वळ योगायोगाने साधारण किती वरखाली होतो ते, ६०७ × ०.३ × ०.७ चं वर्गमूळ, सुमारे ११. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली, तर १६० पासून २०५ पर्यंत काहीही येऊ शकतं आणि पिचर तसूभरही बदललेला नसतो. आउटच्या जागी हिट मिळाला की पाऊण धावेचा फरक पडतो असं धरा. त्या २२-२३ हिटमुळे पिचरचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या धावा, अर्ध्या धावेहून जास्त वरखाली होतो. नावाजलेला पिचर आणि साधारण पिचर यांच्यात पुष्कळदा एवढंच अंतर असतं. नो-हिटर (पिचरने एकही हिट न दिलेला सामना) चालू असताना डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांवर, पिचरशी कुणी बोलायचं नाही, ही बेसबॉलमधली श्रद्धा याच अंतरात जगते.

६०७ हा आकडा ग्रेंकीचाच आहे. २००९ मध्ये त्याचे इतकेच चेंडू मैदानात गेले. हिट किती झाले? १८४. अपेक्षेपेक्षा फक्त दोन जास्त! नशिबाने त्याला काही दिलं नाही आणि काही हिरावूनही घेतलं नाही.

एफआयपीचं सूत्र टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने मांडलं. होमरनला १३ ने गुणा, वॉक आणि अंगावर चेंडू लागलेले बॅटर यांच्या बेरजेला ३ ने, दोन्ही मिळवा, स्ट्राइकआउटला २ ने गुणून वजा करा, इनिंगने भागा. हे १३, ३, २ मला फार आवडतात. त्यांना नऊने भागून बघा, कारण ईआरए नऊ इनिंगचा असतो. १.४४, ०.३३, ०.२२. सरासरी मैदानात गेलेल्या चेंडूच्या तुलनेत एक होमरन जवळपास दीड धाव महाग पडतो, वॉक एक तृतीयांश आणि स्ट्राइकआउट जेमतेम पाव धाव वाचवतो. शेवटी ईआरएच्या पट्टीवर आणण्यासाठी एक स्थिरांक मिळवतात, त्या वर्षी सुमारे ३.१०.

ग्रेंकीचे होमरन ११, वॉक ५१, अंगावर लागलेले ४, स्ट्राइकआउट २४२, इनिंग २२९ आणि एक तृतीयांश. म्हणजे १४३ अधिक १६५, वजा ४८४. उरले उणे १७६. भागून उणे ०.७७, स्थिरांक धरून २.३३. मतदानात दुसरा आलेल्या आणि तीन विजय जास्त असलेल्या हर्नांडेझचा ३.०९. लीगमध्ये शंभर बॅटरपैकी साधारण १७-१८ स्ट्राइकआउट होत असताना ग्रेंकी २६ जणांना तसं परत पाठवत होता. २५ ऑगस्टला क्लीव्हलँडविरुद्ध त्याने एका सामन्यात १५ स्ट्राइकआउट घेतले, रॉयल्सचा तेव्हाचा विक्रम.

एफआयपीही सर्वज्ञ नाही. मैदान मोठं असेल तर उंच फटके कुंपणाच्या आत पडतात आणि होमरन कमी दिसतात. कॅन्सस सिटीचं कॉफमन स्टेडियम तसंच प्रशस्त. ग्रेंकीला या आकडेवारीची गोडी लावणारा सहकारी पिचर ब्रायन बॅनिस्टर याने सांगितलं होतं की लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, क्षेत्ररक्षक डेव्हिड डिजेसस चांगला, म्हणून घरच्या मैदानावर ग्रेंकी बऱ्याचदा मुद्दाम उंच फटके मारू द्यायचा. आपल्या हातात काय नाही हे ओळखून, ते सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे सोपवायचं! मी कौतुक करतो ते याचं.

पुढच्या वर्षी त्याचे स्ट्राइकआउट १८१ वर आले, होमरन १८ झाले, ईआरए ४.१७ वर गेला आणि तो १४ सामने हरला. ग्रेंकी संपला, अशी कुजबुज झाली. त्या वर्षीचा त्याचा एफआयपी ३.३४ होता. डिसेंबर २०१० मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सने त्याला आपल्याकडे घेतलं, तेव्हा त्यांची नजर या दुसऱ्या आकड्यावर असावी, असं मला वाटतं.