सहकारी रुग्णालय आणि धर्मादाय रुग्णालय: फरक नेमका कुठे?

"हे हॉस्पिटल सहकारी आहे ना, मग गरिबांच्या राखीव खाटा कुठे आहेत?" असं विचारणारे नातेवाईक असतात. "ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, सभासद झालो तर बिल कमी होईल का?" असंही कुणी विचारतं. दोघांनीही प्रश्न चुकीच्या खिडकीवर विचारलेला आहे. गल्लत होण्याजोगं दोन्हीकडे बरंच काही आहे: मालक म्हणून कुणी एक डॉक्टर नाही, कारभार मंडळाकडे, आणि प्रवेशद्वारापाशी देणगीदारांच्या नावांच्या फरश्या. कायदे मात्र वेगळे, आणि रुग्णाचा हक्क तर त्याहून वेगळा.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे सार्वजनिक न्यासाचं, म्हणजेच ट्रस्टचं, रुग्णालय. नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली, देखरेख धर्मादाय आयुक्तांची. त्याला करात सवलत मिळते, काही ठिकाणी सरकारी जागा मिळालेली असते, आणि त्या बदल्यात कायद्याने त्याच्यावर बोजा टाकलेला आहे. याच अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, असे हे दोन आधार. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

पैसा येतो कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. रुग्णालयाने निर्धन आणि दुर्बल सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची. निर्धन रुग्णाची खाट, निवासी डॉक्टर, परिचारिका, चादरी, नेहमीच्या तपासण्या यांचं बिल लावायचंच नाही. औषधं, इम्प्लांट वगैरे वस्तू रुग्णालयाला ज्या भावात पडल्या त्याच भावात धरायच्या, आणि तो आकडा या निधीतून वळता करायचा. म्हणजे शेजारच्या खासगी खोलीतल्या रुग्णाच्या बिलातले शंभरामागे २ रुपये जनरल वॉर्डातल्या रुग्णाच्या गोळ्यांना जातात. कल्पना म्हणून ही मला फार आवडते. अंमलबजावणीबद्दल तेवढं म्हणता येत नाही. निधी संपला, खाट रिकामी नाही, समाजसेवक जागेवर नाही, ही उत्तरं राज्यभर ऐकू येतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर गर्भवतीकडून अनामत मागितल्याचा आरोप झाला, तेव्हा हा विषय पुन्हा पेटला होता. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, अनामत मागायची नाही, हे त्याच योजनेत लिहिलेलं आहे.

इथे रुग्णाने करायचं ते एवढंच: वैद्यकीय समाजसेवकाला गाठायचं आणि शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. संस्थेशी आधीचं नातं लागत नाही.

सहकारी रुग्णालयाचं सगळं त्या नात्यापासूनच सुरू होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी, वर सहकार खात्याचे निबंधक, आणि मालक म्हणजे भागधारक सभासद. एकाकडे एक भाग (शेअर) असो की शंभर, मत एकच. लाभांश द्यायचाच झाला तर १५ टक्क्यांच्या वर नाही. दादरचं शुश्रूषा हे याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. १९६० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रणदिवे यांच्या पुढाकाराने नागरिकांनी भाग विकत घेऊन ते उभं केलं, आणि देशातलं पहिलं सहकारी रुग्णालय अशी त्याची ओळख आहे. केरळात हा प्रकार आणखी रुजला, कण्णूरचं ए.के.जी. स्मारक रुग्णालय सहकारीच. तरीही देशभराचा आकडा लहान आहे. राष्ट्रीय सहकार विकास निगमाने ऑक्टोबर २०२० मध्ये 'आयुष्मान सहकार' ही १० हजार कोटींची कर्जयोजना जाहीर केली, तेव्हा सहकारी रुग्णालयं ५२ च्या आसपास आणि त्यांत मिळून ५ हजारांहून अधिक खाटा, असं सांगितलं गेलं.

सहकारी रुग्णालयाला १० टक्क्यांची ती योजना लागू नाही. जागा देताना सरकारने काही अट घातली असेल तर ती निराळी. दर परवडणारे ठेवायचे, सभासदांना सूट द्यायची, गरजूंना मदत करायची, हे पोटनियम (संस्थेची स्वतःची नियमावली) आणि मंडळाचा निर्णय यांवर ठरतं. गरीब आहे म्हणून तुम्हाला तिथे कायद्याने काही मिळत नाही. सभासद म्हणून मात्र वार्षिक सभेत उभं राहून दरपत्रकाबद्दल जाब विचारता येतो. धर्मादाय रुग्णालयात हे शक्य नाही, विश्वस्त रुग्णांनी निवडलेले नसतात.

खरा गोंधळ उसाच्या पट्ट्यात आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभा केला, आणि त्याच परिसरात लोणीचं मोठं रुग्णालय आलं. लोक सहज 'सहकारातलं हॉस्पिटल' म्हणून जातात. पण ते चालवतो प्रवरा मेडिकल ट्रस्ट. म्हणजे कारखाना सहकारी, रुग्णालय धर्मादाय. साखर कारखान्यांभोवती असा जोडकारभार इतरत्रही दिसतो. सोयीचं आहेच ते: ट्रस्टला देणगी देणाऱ्याला आयकरात सूट मिळू शकते, आणि कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल बदललं तरी रुग्णालय हलत नाही. दुसरी बाजूही आहे. ऊस घालणाऱ्या सभासदाला कारखान्यात मत असतं, ट्रस्टमध्ये नाही. एखाद्या ट्रस्टसाठी उसाच्या बिलातून कपात झाली असेल, तर हे खटकायला हवं.

गावच्या पतसंस्थेचं आणखी वेगळं. ती नफ्यातून काही रक्कम धर्मादाय कामासाठी काढू शकते. त्यातून रुग्णवाहिका येते, वर्धापनदिनी आरोग्य शिबिर होतं. सभासद कल्याण निधी असेल तर मयत सभासदाचं उरलेलं कर्ज त्यातून भागवणाऱ्या संस्थाही आहेत. एवढ्यावरून पतसंस्था धर्मादाय होत नाही, आणि तिने डायलिसिस यंत्र दिलं म्हणून रुग्णालय सहकारी होत नाही.

रुग्णालय न बांधताही सहकाराला आरोग्यात काम करता येतं, हे कर्नाटकाने दाखवलं. २००३ मध्ये हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून 'यशस्विनी' ही आरोग्य विमा योजना सुरू झाली. सहकारी संस्थेच्या सभासदाने सुरुवातीला महिन्याला ५ रुपये भरायचे आणि ठरलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करून घ्यायची. गावोगावच्या संस्थांकडे सभासदांची यादी होती आणि वर्गणी गोळा करायची सवयही होती, त्यामुळे विम्याचा सगळ्यात कटकटीचा भाग आयता मिळाला. २०१८ मध्ये ती राज्याच्या आरोग्य योजनेत विलीन झाली, पुढे पुन्हा स्वतंत्र सुरू झाली. महाराष्ट्रात एवढं सहकाराचं जाळं असून असं काही त्या तोडीचं उभं राहिलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

ओळखायचं कसं? पावती बघा. न्यासाच्या पावतीवर 'ई' किंवा 'एफ' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि कंसात जिल्हा असतो. सहकारी संस्थेच्या नावात 'सहकारी' किंवा 'को-ऑप.' आणि बहुधा शेवटी 'मर्यादित' असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही, ती योजना खासगी रुग्णालयातही चालते. तक्रार करायची झाली तर न्यासाच्या रुग्णालयाविरुद्ध जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात, आणि सहकारी रुग्णालयाच्या कारभाराबद्दल उपनिबंधकांकडे.