खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ पुन्हा पुन्हा येत असेल तर

आमच्या मरीन टाकीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिल लागला की एकच तक्रार वाढते. दगडांवर हिरवे केस आलेत, ओढून काढले तरी आठवड्यात परत दिसतात, काहीतरी औषध द्या. औषधाआधी आम्ही एक प्रश्न विचारतो: टाकीतलं पाणी कमी झाल्यावर वरून कोणतं पाणी घालता? नागपुरात बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो, म्हणून या पत्रकात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

वरून घातलेलं पाणी

शेवाळाला प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट हवं असतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून ते रोज थोडं थोडं तयार होतच असतं. स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), लाइव्ह रॉकमधले (टाकीतल्या सच्छिद्र दगडांतले) जिवाणू आणि ठरावीक दिवसांनी बदललेलं पाणी यांनी त्याचा निचरा होत राहतो. उन्हाळ्यात मात्र हा मेळ बिघडतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि टाकी थंड राहावी म्हणून पाण्यावर पंखा सोडलेला किंवा खोलीत एसी चालू. दोन्हींमुळे पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट सगळं टाकीतच राहतं. त्यावर रोज नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं, की त्यातले क्षारही येऊन साठतात.

हिशेब करून पाहा. २०० लिटरची टाकी आहे आणि रोज अडीच लिटर पाणी उडतं असं धरा. दोन महिन्यांत तुम्ही १५० लिटर पाणी वरून घातलं. त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर टाकीत ३००० मिलिग्रॅम गेलं. म्हणजे एकही नवा मासा न आणता नायट्रेट १५ पीपीएमनं (म्हणजे लिटरमागे १५ मिलिग्रॅमनं) वाढलं. आणि २० हा आकडा काही फार मोठा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरच्यांनी निर्धास्त प्यावं असं पाणीसुद्धा टाकीत शेवाळ पोसायला पुरेसं असतं. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी थेट घालू नका. बोअर किंवा टँकरचं तर नकोच.

“पण आम्ही आरओचंच घालतो,” असं पुष्कळ जण सांगतात. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, कार्ट्रिज क्षार घालतं. टीडीएस मीटर लावला की ५०, ८० असे आकडे दिसतात. पिण्यासाठी ते ठीक आहे, टाकीसाठी नाही. मशीनवाल्याकडून मेंब्रेननंतर (आरओच्या मुख्य गाळणीनंतर), मिनरल कार्ट्रिजच्या आधी वेगळी नळी काढून घ्या आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) बाटली जोडा. टीडीएस शून्य यायला हवा. दोन-तीन दिसू लागला की रेझिन बदला. विकतच्या जारचं पाणी वापरत असाल तर प्रत्येक जार मीटरनं तपासून घ्या.

समुद्री मीठ कालवायलाही हेच पाणी घ्या, घनता १.०२५. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र नेहमी बिनमिठाचंच घाला, नाहीतर खारटपणा चढत जाईल.

तुमच्याकडे नेमकं काय आलंय

नव्या टाकीत काचेवर आणि वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो, ते डायॅटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत ते आपसूक जातात. लालसर-जांभळी, सालीसारखी सुटून येणारी साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत, आणि पाणी जिथे साचून राहतं तिथे ते जास्त जमतात. सायफननं ओढून घ्या आणि वेव्हमेकरचं (पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा. जांभळा-गुलाबी टणक थर दिसला तर तो खरवडू नका. ते कोरलाइन शेवाळ, टाकी नीट चालल्याची खूण.

तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी भरपूर, असं असेल तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशी जीव. इथे उपाय उलटा आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेल्यावर ते अनेकदा माजतात, तेव्हा जास्त पाणी बदलून त्रास वाढतो. म्हणूनच शून्य हे ध्येय ठेवू नका. प्रवाळ असलेल्या टाकीत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावं.

हिरवे केस आले असतील तर

टेस्ट किटवर फॉस्फेट शून्य आणि दगड हिरवेगार, हे आम्ही नेहमी पाहतो. किट बरोबर असतं. जेवढं फॉस्फेट सुटतं तेवढं शेवाळ लगेच शोषून घेतं, पाण्यात उरतच नाही. शिवाय जुने दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पुढे कित्येक महिने ते हळूहळू सोडतात. पाणी सुधारूनही फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, ते यामुळे. तेवढा धीर धरा.

तोवर हातानं काढत राहा. सुटणारे दगड टाकीच्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशनं घासा आणि ते पाणी फेकून द्या. टाकीतच घासलं तर तुकडे सगळीकडे पसरून रुजतात, गाजरगवत फुलावर आल्यावर उपटावं तसं होतं. दिवा रोज आठ तास पुरे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल तर जाड पडदा लावा. फ्रोझन खाद्य गाळणीत वितळू द्या, ते पाणी टाकीत ओतू नका. सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर कीटोमॉर्फा वाढवा. तेही शेवाळच आहे, पण फॉस्फेट खाऊन वाढतं आणि मूठभर काढून टाकता येतं. गोगलगायी कोवळे केस छान साफ करतात, बोटभर लांब झालेल्यांना बहुधा तोंड लावत नाहीत. म्हणून आधी घासा, मग गोगलगायी सोडा.

तांब्याचं शेवाळनाशक आम्ही मरीन टाकीसाठी विकत नाही. त्यानं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. दुसऱ्या कुठल्या औषधानंही मे महिन्यात सगळं शेवाळ एकदम मारू नका. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात मेलेलं शेवाळ कुजताना उरलेला ओढून घेतं. सकाळी उठल्यावर मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतील. फॉस्फेट रिमूव्हरही निम्म्या मात्रेनं सुरू करा, एकदम घसरण प्रवाळांना सोसत नाही.

शेवाळलेले दगड टाकून त्यांच्याजागी समुद्रकिनाऱ्यावरून उचललेले प्रवाळाचे तुकडे आणू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. असे तुकडे आम्ही विकत नाही, बदल्यातही घेत नाही.

पाणी तपासायला आणताना

दोन बाटल्या आणा, एक टाकीच्या पाण्याची आणि एक वरून घालता त्या पाण्याची. बाटली साबणानं न धुता त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोहोचवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. शेवाळाचा जवळून काढलेला एक फोटोही असू द्या. निळा दिवा बंद करून, पांढऱ्या उजेडात काढलेला.