यूएसबीवाला मिक्सर घेतलास? मग इंटरफेस कधी घेणार?

भिशी उचलली की आमच्याकडची पोरं गिटारनंतर पहिली वस्तू घेतात ती यूएसबीवाला मिक्सर. आठ चॅनल, वर इको, बटणंच बटणं, आणि किंमत दोन इनपुटच्या इंटरफेसच्या आसपास. "दोन कुठं नि आठ कुठं!" हा हिशेब खानापूरपासून निपाणीपर्यंत मला इतक्यांनी ऐकवलाय की मोजायचं सोडलं.

मिक्सर काय करतो हे गणपतीत मंडपामागं उभं राहिलेल्याला सांगायला नको: सगळ्या माइकांचे आवाज एकत्र कालवून स्पीकरला देतो. इंटरफेस म्हणजे माइकचा, गिटारचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देणारी डबी. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट बहुधा दोन्हींत मिळतात, त्यावरून भांडू नका.

मेख आहे यूएसबीच्या वायरीत. स्वस्तातल्या मिक्सरला आठ माइक लावा, वायरीतून कॉम्प्युटरकडं जातात दोनच चॅनल, डावा आणि उजवा. तेही आतच सगळं कालवून.

आमच्या गल्लीतल्या भजनाचं रेकॉर्डिंग मी असंच केलं होतं. पेटी, पखवाज, टाळ आणि बुवा, चार माइक. घरी येऊन ऐकतो तर टाळ बुवांच्या डोक्यावर बसलेले. टाळ कमी करायला गेलो की बुवाही कमी! वरणभात कालवल्यावर वरण परत वाटीत कसं काढणार? बुवांचा आपला एकच प्रश्न, "कॉम्प्युटर आहे न्हवं तुझ्याकडं?"

इंटरफेसमध्ये प्रत्येक इनपुट आपापल्या ट्रॅकवर पडतं. दोनच इनपुट असती तर चार माइक जोडता आले नसते, कबूल. पण एक माइक बुवांसमोर, एक टाळ-पखवाजाकडं ठेवला असता. टाळ बुवांच्या माइकात थोडा शिरतोच, तरी नंतर दुरुस्तीला जागा राहते. आणि घरी एकटेच असाल, आज गिटार नि उद्या गाणं, तर दोन इनपुट भरपूर झाली.

म्हणून खोक्यावर 'आठ चॅनल' वाचून हुरळू नका. यूएसबीपुढं '२ इन, २ आउट' लिहिलंय का ते बघा. प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सर असतात, पण त्यांना एक भिशी पुरत नाही.

इलेक्ट्रिक गिटार असेल तर आणखी एक. ती मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला सरळ खुपसली की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. इंटरफेसवर त्यासाठी 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वाद्य) बटण असतं, त्या इनपुटचा रोध साधारण १० लाख ओहम; एवढा मोठा असला की गिटारचा आवाज दबत नाही. काही मिक्सरच्या एखाद्या चॅनलवरही ते असतं, बघून घ्या. मोबाइलवर लाइव्ह जायला मिळणाऱ्या त्या रंगीत दिव्यांच्या 'साउंड कार्डा'बद्दल मला विचारूच नका.

मिक्सर घेऊन बसलाच असाल तर विकू नका. एका माइकचं पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला सरकवणारं बटण) पूर्ण डावीकडं फिरवा, दुसऱ्याचं पूर्ण उजवीकडं, इको बंद. हेडफोनमध्ये विचित्र लागेल, पण ती स्टिरिओ फाइल सॉफ्टवेअरमध्ये फोडली की दोन स्वतंत्र ट्रॅक हातात येतात. टाळकऱ्यांना मात्र जरा लांब बसवा.