३४० किलो ठेवायचे कुठे?

सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावर एक ठरावीक जथा दिसू लागतो. पुढे पिकअप ट्रक, त्याच्या हौद्यात चढवलेली एटीव्ही आणि मागे जोडलेला राहायचा ट्रेलर. एटीव्ही म्हणजे कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेरी मारून आणतात, ती फुगीर टायरांची चारचाकी. तिकडे मात्र ती खेळण्यातली वस्तू नाही. डोंगरात मारलेलं जनावर ओढून आणायचं तर तीच लागते. अशा कामाच्या मोठ्या एटीव्हीचं वजन साधारण ३०० ते ३५० किलो भरतं. आपण ३४० धरू.

ट्रेलर, सामान आणि माणसांसकट या सगळ्या लवाजम्याचं वजन साडेपाच टनांच्या आसपास जातं. त्यात ३४० किलो म्हणजे जेमतेम सहा टक्के. एवढ्यानं काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. पण गंमत अशी की हे सहा टक्के कुठे ठेवले, यावर गाडी सरळ चालणार की नाही हे ठरतं.

आधी जाहिरातीतला आकडा बघू. अमेरिकेत पिकअप विकताना कंपन्या ‘पाच टन ओढतो’, ‘सहा टन ओढतो’ असं छातीठोकपणे सांगतात, आणि ते खोटं नसतं. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२८०७ नावाचं मानक त्यासाठी आहे. २०११च्या मॉडेलपासून टोयोटानं ते आधी स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत मागोमाग आल्या. त्यातली एक चाचणी अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर आधारलेली आहे. भर उन्हाळ्यात एसी पूर्ण चालू ठेवून सुमारे १८ किलोमीटरचा चढ चढायचा आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा कडक आहे. फक्त तिच्यात ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी ६८ किलोची, आणि हौदा रिकामा असतो. बायको-मुलं, कुत्रा, बर्फाची पेटी, एटीव्ही यांपैकी काहीही नाही. म्हणजे जाहिरात ज्या ट्रकबद्दल बोलते, तो सुट्टीवर निघालेला ट्रक नव्हेच.

खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या छोट्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. पाच टन ओढणाऱ्या, चार दारांच्या पिकअपवर तो ७५० किलोच्या आसपास असणं अगदी सर्वसाधारण आहे. आता हिशोब मांडू. चार माणसं २८० किलो. ट्रेलर जोडायचं लोखंडी हिच ४० किलो. आणि ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचच्या गोळ्यावर पडणारा भार, ज्याला तिकडे टंग वेट म्हणतात, तोसुद्धा पेलोडमध्येच मोजायचा. हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मागून ओढायच्या ट्रेलरला टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतं. ट्रेलर अडीच टनांचा असेल आणि १२ टक्के धरले तर ३०० किलो. बेरीज झाली ६२०. उरले १३०, आणि चढवायची आहे ३४० किलोची एटीव्ही. पाच टन ओढू शकणारा ट्रक अडीच टनांच्या ट्रेलरपाशीच भरून गेला. इंजिनात दम भरपूर आहे, पाटे, मागचा आस आणि टायर यांनी मात्र हात टेकले.

बरं, २१० किलो जास्त झाले एवढाच प्रश्न असता तर कुणी मुलांना दुसऱ्या गाडीत बसवून सुटकेचा श्वास सोडला असता. पण तरफेचा नियम मध्ये येतो. अशा ट्रकच्या दोन आसांत साधारण ३.७ मीटर अंतर असतं आणि हिचचा गोळा मागच्या आसाच्याही दीड मीटर मागे असतो. तिथे ३०० किलोचा दाब पडला की मागचा आस टेकू होतो आणि ट्रकचं नाक उचललं जातं. पुढच्या चाकांवरून ३०० गुणिले १.५ भागिले ३.७, म्हणजे सुमारे १२० किलो भार निघून जातो. तोही जाऊन बसतो मागच्याच चाकांवर. एटीव्हीचं तसंच. साडेपाच फुटी हौद्यात ती अगदी पुढे टेकवून उभी केली तरी तिचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या अंदाजे ४० सेंटीमीटर मागे येतो, कारण ती स्वतः सात फूट लांब असते. तिच्यामुळे आणखी ३७ किलो गेले. दोन्ही मिळून पुढची चाकं जवळजवळ १६० किलोंनी हलकी आणि मागची ८०० किलोंनी जड. स्टीअरिंग पुढच्या चाकांना आहे आणि ब्रेक मारल्यावर जास्त जोर त्यांच्यावरच येतो. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात ते वेगळंच.

यावर उपाय म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच मिळतं. त्यातल्या स्प्रिंगच्या दांड्या ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून अडकवल्या की टंगचा काही भार पुन्हा पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या आसांवर ढकलला जातो. हौद्यातल्या एटीव्हीचं ओझं कमी करणं मात्र त्या दांड्यांचं काम नाही. ‘हिच घेतलंय की!’ म्हणून बेफिकीर होणारे लोक इथेच फसतात.

हौद्याची लांबी आणखी एक खोडी करते. सात फुटांची गाडी साडेपाच फुटांत ठेवली की मागचा फाळका बंद होत नाही, उघडा लोंबत राहतो. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. पेट्रोल पंपावर काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा ट्रकच्या दिशेनं आत येतो आणि फाळक्याची कड कधी टंगवरच्या जॅकला, कधी गॅसच्या टाक्यांवरच्या झाकणाला घासते.

मग सुचतो तो मार्ग म्हणजे एटीव्ही ट्रेलरमध्येच, मागच्या बाजूला ठेवणं. पेलोडचा प्रश्न चुटकीसरशी सुटल्यासारखा वाटतो, कारण ट्रकचं नाक पुन्हा खाली येतं आणि स्टीअरिंगही हलकं लागत नाही. इथेच खरा धोका सुरू होतो. समजा ट्रेलरचा आस गोळ्यापासून ५ मीटरवर आहे आणि एटीव्ही आसाच्या अडीच मीटर मागे उभी केली. तरफेनं टंगवरचे १७० किलो उचलले. उरले १३०. ट्रेलर आता २,८४० किलोंचा झाला, म्हणजे टंग वेट १२ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांवर घसरलं. बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे तो जाणतो आणि जुवावर थोडं वजन येईल अशा बेतानंच माल रचतो.

बैलगाडी उलाळ झाली तर थांबून माल सरकवता येतो. ताशी शंभरच्या वेगात ट्रेलर वेगळं वागतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून मोठा ट्रक गेला की कोणताही ट्रेलर एकदा डावी-उजवीकडे झुलतो. टायर रस्त्याला घासून त्यातली ऊर्जा खातात आणि झुलणं विरतं. वेग वाढतो तशी ही विरवण्याची क्षमता कमी होत जाते. एका वेगानंतर ती शून्यावर येते, आणि त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. टंग हलकं असेल तर हा वेग खाली येतो. शिवाय टोकाला ठेवलेलं वजन ट्रेलरचं जडत्व अंतराच्या वर्गानं वाढवतं: आसापासून दुप्पट लांब ठेवलं तर परिणाम चौपट. म्हणून काल ११० ला शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर आज ९० लाच शेपूट हलवू लागतो. अशा वेळी उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि नेमकं तेच करायचं नसतं. ट्रक मंदावतो, मागून ट्रेलर ढकलतो आणि सांध्यातून सगळं दुमडतं. अॅक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे असतात. डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरवर त्यासाठी वेगळा खटका दिलेला असतो. ट्रेलर मागून ओढला गेला की तो सरळ होतो.

टॉय हॉलर नावाचे ट्रेलर एटीव्ही मागच्या गॅरेजात घेण्यासाठीच बनवतात. ते रिकामे असताना त्यांचं टंग मुद्दाम जास्त जड ठेवलेलं असतं, म्हणजे एटीव्ही चढल्यावर ते बरोबर १० ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यात येतं. साध्या ट्रेलरच्या मागच्या भिंतीत दार पाडून घेणाऱ्याला हे गणित फुकट मिळत नाही.

हौद्यात चढवतानाही तीच तरफ असते, फक्त उभी. जमिनीपासून ९० सेंटीमीटर उंचीवरच्या फाळक्याला सात फुटी रॅम्प लावला की चढ सुमारे २५ अंशांचा होतो. बसलेल्या माणसासकट एटीव्ही मागे कलंडायला ढोबळमानानं ४० अंश लागतात, तेव्हा वाटतं, चिक्कार जागा आहे. पण मध्येच थ्रॉटलला झटका दिला आणि गुरुत्वाच्या ०.३ पट त्वरण मिळालं, तर गाडीच्या दृष्टीनं तो चढ २५ चा राहत नाही, ३८ चा होतो. त्याच क्षणी चाकं रॅम्पला मागे ढकलतात. रॅम्प ट्रकला पट्ट्यानं बांधलेला नसेल तर फाळक्यावरून निसटतो. पहिल्या गिअरात, पुढे झुकून, संथ चढणं हाच मार्ग. वर गेल्यावर रॅचेट पट्टे असे ओढायचे की एटीव्हीचं सस्पेन्शन थोडं दबलेलं राहील. नाहीतर पहिल्या खड्ड्यात ती खाली बसते आणि पट्टे ढिले पडतात.

घाटाचं मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे एटीव्हीचा दोष फारसा नाही. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन तिथे जवळजवळ तीस टक्के ताकद गमावतं. पलीकडे सुमारे ७०० मीटर उतरताना साडेपाच टनांचा जथा जी ऊर्जा सोडतो, तिच्यात शंभर लिटरहून जास्त थंड पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकवर घालायची नसेल तर खालचा गिअर हवा. यात एटीव्हीचा वाटा तेवढाच, सहा टक्के.

वजनं घरी बसून कागदावर मांडता येतात, पण गोळ्यापासूनची खरी अंतरं कुणाला माहीत असतात? म्हणून अमेरिकेतले जाणते लोक हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या काट्यावर जातात. तिथे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या फलाटांवर उभी राहतात आणि पावतीवर तीन आकडे छापून येतात. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा तोलायचा. दोन्ही वेळच्या ट्रकच्या बेरजांतला फरक म्हणजे टंग वेट, आणि पुढच्या चाकांच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्रेलरनं नाक किती उचललं ते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असेल तर त्याच्या दांड्या सोडून तोलायचं, नाहीतर टंग वेट आहे त्यापेक्षा कमी दिसतं.