दोन पुनरागमनांच्या मधली वर्षं : केप कॉडचे सील, गळवाले आणि बदकांचे शिकारी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या कोपऱ्यावर, चॅटम गावाच्या दक्षिणेला मोनोमॉयचे वाळूचे दांडे समुद्रात लांबवर घुसले आहेत. ओहोटीला ते उघडे पडले की त्यांच्यावर करड्या सीलांची दाटी होते. याच टापूत उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत स्ट्राइप्ड बास माशासाठी गळ टाकणारे हौशी लोक उभे असतात. थंडी वाढली की केप कॉड आणि नॅन्टकेट बेट यांच्या मधल्या समुद्रात, म्हणजे नॅन्टकेट साउंडमध्ये, उतरणाऱ्या आयडर आणि स्कोटर या समुद्री बदकांच्या मागे बंदूकवाले होड्या घेऊन येतात. ‘पूर्वी इथे सील नव्हते, आता मात्र सुळसुळाट झालाय’ हे वाक्य या किनाऱ्यावर नेहमी ऐकू येतं. त्यातला ‘पूर्वी’ म्हणजे नेमका कधी, हे मात्र तपासायला हवं.

फार पूर्वी सील होतेच. इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या जुन्या वस्त्यांमध्ये, शिंपल्यांच्या ढिगांत, सीलांची हाडं सापडतात. मोनोमॉय किंवा नॅन्टकेटजवळचं मस्केगेट बेट, ही नावंही मूळ रहिवाशांच्याच भाषेतली. युरोपीय वसाहतवाले आले आणि तेलासाठी, कातड्यासाठी सील मारले जाऊ लागले. पण त्यांचा खरा नायनाट केला तो सरकारी तिजोरीने. सील जाळी फाडतो, मासे पळवतो, या मासेमारांच्या तक्रारीवरून मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये सील मारणाऱ्याला बक्षीस लावलं. उत्तरेकडच्या मेन राज्यानेही काही वर्षांतच तोच मार्ग धरला. पुरावा म्हणून सीलाचं नाक कापून आणायचं आणि रोख पैसे घेऊन जायचं. पुढे हा दर नाकामागे पाच डॉलरपर्यंत गेला, आणि त्या काळी पाच डॉलर ही गरीब घरासाठी लहान रक्कम नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत १९६२ पर्यंत चालली. दोन्ही राज्यांच्या नोंदींत जवळपास २५ हजार बक्षिसं सापडतात. नोंदी अपुऱ्या आहेत, शिवाय गोळी लागून बुडालेले सील हाती येत नसत. ते धरून संशोधकांनी बांधलेला अंदाज ७२ हजार ते १ लाख ३५ हजार सीलांचा आहे. करडा सील अमेरिकेच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसाच झाला.

बदकांची गोष्ट याच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात बोस्टन-न्यूयॉर्कच्या बाजारासाठी आणि पिसांसाठी किनारपट्टीवर अमाप पाखरं मारली गेली. याच किनाऱ्यांवर हिवाळा काढणारं लॅब्राडोर बदक १८७० च्या दशकात कायमचं संपलं. आयडरही मेनमध्ये मोजक्या जोड्यांवर आलं होतं. मग १९१८ चा स्थलांतरित पक्षी कायदा आला आणि बाजारासाठी होणारी शिकार थांबली. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी ‘डक स्टँप’ नावाचं सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. तेव्हा ते एक डॉलरला होतं, आता पंचवीसला आहे. त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. म्हणजे बंदूक हातात असलेला माणूसच बदकाच्या घराचं भाडं भरतो. मला ही व्यवस्था नेहमीच हुशारीची वाटत आली आहे. १९४४ मध्ये मोनोमॉयही पाखरांसाठीच राखीव झालं. त्या वेळी तिथे सीलांचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं.

सीलांचं नशीब बदललं ते १९७२ मध्ये. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या वर्षी ऑक्टोबरात सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यावर सही केली. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा, सप्टेंबरातला.) सील, व्हेल, डॉल्फिन यांना मारणं तर सोडाच, छळणंही गुन्हा ठरलं. तरी जाळं किंवा मासळी वाचवण्यासाठी धंदेवाईक मासेमाराला थोडी मोकळीक होती. १९९४ च्या दुरुस्तीने तीही गेली, आणि माणसाच्या जिवावर बेतल्याशिवाय गोळी झाडता येत नाही, अशी परिस्थिती आली.

कायदा झाला म्हणून सील लगेच उगवले नाहीत. ते आले उत्तरेकडून. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळचं सेबल बेट म्हणजे करड्या सीलांची जगातली सर्वांत मोठी विणीची जागा. तिथे संख्या वाढत गेली तसे काही सील दक्षिणेकडे सरकले. सेबलवर खुणेचे बिल्ले लावलेले सील मस्केगेट बेटावर दिसले. १९८८ मध्ये मस्केगेटवर मोजून पाचेक पिल्लं होती. २०१६ मध्ये तिथे एका हंगामात साडेतीन हजारांहून जास्त पिल्लं जन्मली. आता अमेरिकेच्या पाण्यातले करडे सील सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या घरात धरले जातात. कॅनडातले साडेतीन लाखांच्या वर आहेत.

आता बासकडे या, कारण खरी मेख इथे आहे. स्ट्राइप्ड बास १९७० च्या दशकाअखेरीस अतिमासेमारीने कोसळला. १९८४ मध्ये त्याच्यासाठी केंद्रीय कायदा झाला, मेरीलंड राज्याने १९८५ पासून पाच वर्षं तो पकडायलाच बंदी घातली, आणि १९९५ मध्ये बास सावरल्याचं जाहीर झालं. म्हणजे नव्वदीच्या दशकात पाण्यात बास भरपूर होता आणि सील अजून फार थोडे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या गळवाल्यांच्या मनातला ‘पूर्वीचा समुद्र’ हाच. एक पुनरागमन पूर्ण झालेलं, दुसऱ्याची नुकती सुरुवात. त्या पंधरा-वीस वर्षांना किनाऱ्याची मूळ स्थिती मानलं गेलं, आणि पुढचा सगळा वाद त्या गैरसमजावर उभा आहे.

याचा अर्थ गळवाले खोटं बोलतात असा नाही. करड्या सीलाचा नर साडेतीनशे किलोपर्यंत भरतो. तो गळ टाकणाऱ्याच्या समोर, लाटेमागे डोकं वर काढून थांबतो. बास गळाला लागला आणि ओढायला सुरुवात झाली की दोरीवरचाच मासा घेऊन जातो. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण सीलांच्या विष्ठेतून आणि पोटातून जे सापडतं त्यात मोठा वाटा सँड लान्ससारख्या छोट्या, वाळूत लपणाऱ्या माशांचा असतो. बास त्यात फारसा दिसत नाही. दोरीवरची चोरी खरी, पण समुद्रातला बास सीलांनी संपवला हे त्यातून सिद्ध होत नाही.

बदकांच्या शिकाऱ्यांची अडचण वेगळी. आयडर शिनाण्यांसारख्या शिंपल्यांवर जगतं, तेव्हा खाण्यावरून त्याचा आणि सीलाचा झगडा नाही. पण सीलांची वीण डिसेंबर ते फेब्रुवारी चालते आणि समुद्री बदकांचा हंगामही थंडीतलाच. दांड्याजवळ होडी नेली, बार काढला आणि सगळा कळप पाण्यात उधळला, तर तो कायद्याच्या लेखी छळ ठरू शकतो. पडलेलं बदक आणायला सोडलेल्या कुत्र्याचीही काळजी असते. सील चावतो, आणि डिस्टेंपरसारखे रोग दोघांमध्ये पसरू शकतात. २०११ मध्ये न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर हार्बर सील या दुसऱ्या जातीचे १६२ सील मरून पडले. ते ज्या फ्लूने मेले त्याचं मूळ पाणपक्ष्यांमध्ये सापडलं होतं.

मग मागोमाग मोठे पांढरे शार्क आले, सीलांच्याच वासाने. सप्टेंबर २०१८ मध्ये केप कॉडवरच्याच वेलफ्लीटच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. राज्यात १९३६ नंतरचा तो पहिलाच असा मृत्यू. त्यानंतर ‘सील कमी करा’ ही मागणी गळवाल्यांपुरती राहिली नाही.

ही मागणी पुढे सरकत नाही याचं कारण तिन्ही कायद्यांच्या घडणीत आहे. बदकांसाठी दरवर्षी हंगाम आणि दिवसाला किती मारायची याची मर्यादा ठरते. बासचं माप आणि संख्या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग ठरवतो; सध्या दिवसाला माणशी एक मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधला. संख्या घटली की हात आखडता घ्यायचा, वाढली की सैल सोडायचा. शिकारी आणि गळवाला दोघेही परवान्याचे पैसे भरून या हिशेबात बसलेले आहेत. सीलांच्या कायद्यात असा हिशेब मांडायला इथे जागाच ठेवलेली नाही, कारण १९७२ मध्ये सील कधी इतके होतील असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हणून ही भांडणं नॅन्टकेट आणि चॅटमच्या गावसभांमध्ये येतात, जिथे कुणालाही त्याबद्दल काही ठरवण्याचा अधिकार नाही.